पुढच्या चाकाला दोन धनी

कार्ल बेंझने १८८६ साली ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिला तीनच चाके होती. यामागे काटकसर नव्हती. इंजिन चालत होते, मागची चाके फिरत होती. पण पुढे दोन चाके लावली तर ती वळवायची कशी, याचे मनाजोगते उत्तर बेंझजवळ नव्हते. म्हणून त्याने पुढे एकच चाक लावले आणि प्रश्न बाजूला ठेवला. १८९३ साली त्याला उत्तर सापडले, त्याने त्याचेही पेटंट घेतले आणि त्याची चारचाकी ‘व्हिक्टोरिया’ रस्त्यावर आली. गंमत अशी, की हे उत्तर म्युनिकच्या एका बग्गी बनवणाऱ्या कारागिराने पाऊणशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवले होते.

मोटारीच्या मागच्या चाकांचे काम त्या काळी सोपे होते. वजन पेलायचे आणि गाडी पुढे ढकलायची. पुढच्या चाकांना मात्र दोन धनी. रस्ता त्यांना वरखाली नाचवणार आणि चालक त्यांना डावी-उजवीकडे वळवणार. नाचताना वळायचे नाही आणि वळताना नाचण्यात अडथळा आणायचा नाही, एवढीच अपेक्षा. ती पुरी व्हायला चाळीस-पन्नास वर्षे लागली, कारण बराच काळ स्प्रिंगा एकाने आखायच्या आणि स्टिअरिंग दुसऱ्याने जोडायचे, असाच प्रकार चालू होता.

आधी घोडागाडीकडे पाहू. तिचा पुढचा ॲक्सल म्हणजे एक सलग दांडा. त्याच्या मधोमध खिळा, त्यावर तबकडी, आणि दोन्ही चाकांसकट सगळा ॲक्सल त्या खिळ्याभोवती फिरतो. घोड्यासाठी ही रचना उत्तम होती. घोडा लांब दांडीच्या टोकाला असतो आणि त्याची ताकद मोठी. एखादे चाक दगडाला धडकले तरी ॲक्सल वेडावाकडा फिरत नाही. घोडा काढून त्या जागी माणसाच्या हातात दांडा दिला की चित्र बदलते. चाक दगडावर आपटले, की तो फटका मधल्या खिळ्यापासून गाडीच्या अर्ध्या रुंदीइतक्या अंतरावर बसतो. साठ-पासष्ट सेंटीमीटर लांबीची तरफच ती! हातातला दांडा हिसकला जाणारच. शिवाय ॲक्सल तिरका झाला की गाडीचा पाया अरुंद होतो आणि जोरात वळणारी गाडी कलंडते. गॉटलीब डाइमलरने १८८६मध्ये आपले इंजिन बसवले ते एका बग्गीतच, आणि तिचे पुढचे टोक हे असेच फिरते होते. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वेगाला ते चालून गेले.

म्युनिकचा तो कारागीर गेओर्ग लांकेन्स्पेर्गर. त्याने ॲक्सल जागेवर पक्का ठेवला आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन उभे खिळे बसवून प्रत्येक चाक आपापल्या खिळ्याभोवती वळेल असे केले. आपले मेस्त्री आज ज्याला किंगपिन म्हणतात, तोच हा खिळा. आता दगडाचा फटका फिरवू पाहील तो फक्त चाकापासून खिळ्यापर्यंतच्या काही सेंटीमीटरच्या तरफेने. लांकेन्स्पेर्गरच्या वतीने लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान या चित्रे आणि पुस्तके छापणाऱ्या प्रकाशकाने. नाव मात्र त्याचेच चिकटले. जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही ‘ॲकरमन स्टिअरिंग’ शिकवतात आणि मूळ कारागिराला तळटीपही मिळत नाही. पेटंटांच्या जगात हे नवे नाही.

दोन चाके वेगवेगळ्या खिळ्यांवर वळू लागली, की पुढचा प्रश्न उभा राहतो: दोघांनी सारखेच वळायचे का? नाही. वळणात आतले चाक लहान वर्तुळावर चालते, बाहेरचे मोठ्या. दोघांचा मध्य एकच हवा, आणि तो मागच्या ॲक्सलच्या रेषेवर यायला हवा. नाही तर चाके घसटत जातात. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर आणि दोन किंगपिनांत एक मीटर तीस सेंटीमीटर अंतर धरून हिशेब केला, तर आतले चाक ३० अंश वळले असता बाहेरच्याने साधारण २४ अंशच वळायला हवे. हा फरक आपोआप पडावा म्हणून पॅरिसच्या शार्ल जाँतोने १८७८च्या सुमारास एक साधी युक्ती रूढ केली. प्रत्येक किंगपिनपासून मागे निघणारा हात सरळ न ठेवता थोडा आत वळवायचा. दोन्ही हातांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या ॲक्सलच्या मध्याशी मिळाल्या पाहिजेत. त्या हातांची टोके एका आडव्या दांड्याने जोडली की झाले; हाच टाय रॉड. गणिताच्या दृष्टीने उत्तर तंतोतंत नाही, पण व्यवहाराला पुरेसे आहे. याच जाँतोच्या विजेच्या गाडीने पुढे १८९८मध्ये ताशी ६३ किलोमीटरचा वेगाचा पहिला अधिकृत विक्रम केला.

फ्रान्समध्येच आमेदे बोले नावाचा गृहस्थ याहूनही पुढे गेला होता. ल मान्स गावात घंटा ओतणाऱ्या घराण्यातला हा माणूस. १८७३मध्ये त्याने बारा माणसांची वाफेची गाडी बांधली, तिचे नाव ठेवले ‘आज्ञाधारक’, आणि तिची पुढची चाके स्वतंत्र खिळ्यांवर वळत. १८७८च्या ‘ला मांसेल’ या गाडीत तर त्याने पुढचा सलग ॲक्सलच काढून टाकला आणि दोन्ही चाके आडव्या कमानींवर एकमेकांपासून स्वतंत्र टांगली. पेट्रोलची मोटार जन्मालाही आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. मग सगळ्या जगाने ती का उचलली नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे: त्या वेगाला तिची गरज नव्हती. नुसत्या हुशारीवर कोणतीही रचना टिकत नाही, आधीच्या रचनेला आधी हात टेकावे लागतात. आणि सलग ॲक्सलने अजून हात टेकले नव्हते.

हात टेकले ते आधी दांड्याने. सुरुवातीच्या मोटारी वळवायला नावेच्या सुकाणूसारखा आडवा दांडा असे. १८९४च्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड वाशेराँने आपल्या पानहार गाडीला गोल चाक लावले, पण त्याची नक्कल लगेच कोणी केली नाही. पानहार कंपनीचाच एमिल लव्हासोर १८९५ची पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यत सुमारे ४९ तास गाडी चालवून पहिला आला तो दांडा धरूनच. पुढच्याच वर्षी पॅरिस-मार्सेय शर्यतीत रस्त्यात कुत्रे आडवे आले, गाडी उलटली आणि लव्हासोर जखमी झाला. १८९७मध्ये तो गेला. त्याच्या जागी पानहार कंपनीत आला आर्त्युर क्रेब्स. हा मूळचा लष्करी अधिकारी. १८८४ साली शार्ल रनारबरोबर ‘ला फ्रांस’ हे हवाई जहाज उडवून, वळवून पुन्हा निघाल्या जागी उतरवणारा. हवेत सुकाणू सांभाळलेल्या या माणसाने जमिनीवरच्या सुकाणूत लक्ष घातले हे मोटारीचे भाग्य म्हणायचे.

क्रेब्सने १८९६च्या पेटंटात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. सायकलचा पुढचा चिमटा किंचित तिरका असतो. त्याची रेषा खाली वाढवली तर ती चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. त्यामुळे चाक त्या बिंदूच्या मागे ओढले जाते आणि हात सोडले तरी सरळ राहू पाहते. मोटारीचा किंगपिनही असाच मागे कलता ठेवला, तर वळण संपल्यावर चाके आपण होऊन सरळ होतात. गॅरेजमध्ये अलाइनमेंट करताना ‘कॅस्टर’ म्हणून जो कोन मोजतात, तो हाच. क्रेब्सच्याच काळात, १८९८पासून, पानहारच्या गाड्यांना दांड्याऐवजी तिरक्या खांबावरचे गोल स्टिअरिंग आले आणि दोन-चार वर्षांत दांडा मागे पडला.

किंगपिनला आणखी एक कल देतात, तो बाजूचा. वरचे टोक आत आणि खालचे बाहेर. हेतू असा, की किंगपिनची रेषा जमिनीला जिथे मिळते ते ठिकाण आणि टायर टेकतो ते ठिकाण शक्य तितके जवळ यावे. तसे झाले की दगडाच्या फटक्याला तरफच उरत नाही. जुन्या गाड्यांची पुढची चाके समोरून पाहिली तर वर फाकलेली दिसतात, त्याचेही हेच कारण. पण फाकलेले चाक बाहेरच्या बाजूला पळू पाहते, म्हणून दोन्ही चाकांची पुढची बाजू काही मिलीमीटर आत घ्यायची. एका औषधाचा त्रास कमी करायला दुसरे औषध, असा हा सगळा संसार.

गोल स्टिअरिंग आणि चाके यांच्यामध्ये दात्यांची पेटी आली. सुरुवातीच्या अभियंत्यांना फटक्यांची इतकी धास्ती होती, की त्यांनी पेटीतला स्क्रू मुद्दाम असा आखला की चालकाला चाके वळवता यावीत, पण चाकांना स्टिअरिंग फिरवता येऊ नये. ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात रस्त्याचा प्रत्येक घाव त्या स्क्रूच्या दातांवर बसे, दात झिजत, स्टिअरिंगला ढिलाई येई. शिवाय क्रेब्सने मिळवून दिलेले आपोआप सरळ होणे अशा पेटीत अडकून पडे. पुढे सगळ्यांनी मधला मार्ग पत्करला: थोडा फटका हातापर्यंत येऊ द्यायचा. हाताला रस्ता कळतो तो त्यातूनच.

आता या प्रकरणातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. १९०० ते १९३० या काळातली ठरावीक मोटार डोळ्यांपुढे आणा. पुढे इंग्रजी आय अक्षराच्या छेदाचा घडीव पोलादी ॲक्सल. त्याखाली किंवा वर पाट्यांच्या दोन कमानी, गाडीच्या लांबीच्या दिशेने. प्रत्येक कमानीचे एक टोक चासीला पक्के, दुसरे शॅकलवर झुलते, कारण कमान दबली की लांब होते आणि त्या लांबीला कुठे तरी वाट हवी. स्टिअरिंगची पेटी ॲक्सलच्या मागे. तिच्यातून खाली लोंबणारा हात, आणि त्या हातापासून पुढे चाकापर्यंत गेलेला दांडा. हा ड्रॅग लिंक.

बहुतेक कारखान्यांनी कमानीचे पुढचे टोक पक्के आणि मागचे झुलते ठेवले. चाक खड्ड्यात गेले की ॲक्सल पुढच्या टोकाभोवती कंसात खाली जातो. ड्रॅग लिंकचे टोकही कंसातच जाते, पण त्याचा मध्य मागे, पेटीपाशी. एक कंस पुढे वाकलेला, दुसरा मागे. दोन्ही एका बिंदूत स्पर्श करतात आणि लगेच फाकतात. जेवढे फाकतात तेवढा ड्रॅग लिंक चाकाच्या हाताला ढकलतो किंवा ओढतो. चालकाने स्टिअरिंग दगडासारखे स्थिर धरले तरी खड्ड्यात चाक वळतेच. कमानीचे पक्के टोक मागे आणि शॅकल पुढे केले की दोन्ही कंस एकाच बाजूला वाकतात आणि दुखणे जवळजवळ जाते. पुष्कळ कारखान्यांनी ही अदलाबदल केली, पण बऱ्याच उशिरा. कागदावर दोन कंस काढून पाहिले असते तर अर्ध्या तासात कळणारी ही गोष्ट होती.

हेन्री फोर्डने हा गुंता आपल्या पद्धतीने टाळला. १९०८च्या मॉडेल टीला पुढे एकच कमान, तीही आडवी; ॲक्सलला जागेवर धरायला दोन तिरके दांडे इंजिनखाली एका गोळ्यात मिळवलेले. स्टिअरिंगचे दाते तर गोल चाकाच्या लगेच खालीच. रचना हलकी, स्वस्त, आणि शेतातल्या रस्त्यावर एक चाक वर, एक खाली असले तरी चासीला पीळ न देणारी. दीड कोटी गाड्या तिच्यावर धावल्या. यशाची किंमत अशी, की फोर्डच्या गाड्यांना सलग ॲक्सल आणि आडवी कमान १९४८च्या मॉडेलपर्यंत चिकटून राहिली.

एवढी दुखणी असताना सलग ॲक्सल टिकला कसा? अज्ञानामुळे नव्हे. त्याचे गुण खरे होते. गाडी वळणात कलली तरी चाके रस्त्याला उभीच राहतात. दोन किंगपिनांतले अंतर कधी बदलत नाही, त्यामुळे टाय रॉड एकसंध ठेवता येतो. सांधे कमी, झीज कमी, आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येईल इतके सगळे उघडे. त्याला हरवले ते दोन सुधारणांनी, आणि दोन्ही चांगल्या होत्या: पुढच्या चाकांचे ब्रेक आणि मऊ टायर.

१९२०च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक सर्रास बसू लागले. ब्रेक लागला की चाकाची फिरकी ॲक्सलला बरोबर घेऊन पुढे वळवू पाहते; कमानी पिळल्या जातात, ॲक्सलचा वरचा भाग पुढे जातो. चाकाचा हातही पुढे जाऊ पाहतो, पण ड्रॅग लिंकने तो मागे धरलेला. परिणाम? जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. त्याच सुमारास, १९२३ पासून, कमी हवेचे जाड ‘बलून’ टायर आले. बसणाऱ्यांना सुख झाले आणि चालकाच्या हाताला कंप सुटला. ठरावीक वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे थडथडू लागत. त्याला ‘शिमी’ म्हणत.

कारण भोवऱ्याच्या नियमात आहे. फिरता भोवरा एका बाजूला कलवायला गेलात तर तो भलत्याच दिशेला वळतो. सलग ॲक्सलचे एक टोक वर उचलले की दोन्ही फिरती चाके एकदम कलतात, आणि कललेले फिरते चाक किंगपिनभोवती वळू पाहते. वळले की ते ॲक्सलला पुन्हा कलवते. कलणे आणि वळणे यांची अशी देवाणघेवाण सुरू होते; कमानीची आणि मऊ टायरची लय तिच्याशी जुळली की थांबता थांबत नाही. उपाय म्हणून पुढच्या कमानी कडक करत, सांध्यांत घर्षण वाढवत, कॅस्टर कमी करत. म्हणजे टायरने दिलेले सुख कमानीने परत घ्यायचे. मुंबईत महिंद्राने बनवलेल्या जुन्या जीपांना पुढे सलग ॲक्सलच असे, आणि किंगपिन ढिले झालेली अशी जीप ज्याने चालवली आहे त्याला हा थरथराट वेगळा समजावून सांगायला नको.

मग ॲक्सल तोडायचा. पण चाक धरायचे कशाने? एक जुना मार्ग होता: चाकाला उभ्या खांबावर वरखाली सरकू द्यायचे आणि तोच खांब किंगपिन म्हणूनही वापरायचा. फ्रान्सच्या दकोव्हीलने १८९८मध्ये, सिझेर-नोदँने १९०५मध्ये आणि इंग्लंडच्या मॉर्गनने १९१०च्या सुमारास हे केले. इटलीत व्हिन्चेंझो लान्चाच्या १९२२च्या ‘लाम्ब्दा’ने त्याला डौल आणला, खांबाच्या आतच कॉइल स्प्रिंग आणि तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर. उणीव एवढीच, की गाडी कलली की चाकही कलते आणि सरकत्या खांबाला सतत तेल लागते. मॉर्गनने तर पुढे चालकाच्या पायाशी बटण दिले होते. दाबले की इंजिनातले तेल खांबांवर जाई.

निकाल लागला तो अमेरिकेत. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या कारखान्यातून १९३० साली कॅडिलॅककडे आला. त्याने एका मोठ्या गाडीवर सरकवता येणारी वजने बसवली, पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा मऊपणा बदलता येईल अशी सोय केली आणि वेगवेगळ्या जुळण्या करून माणसांना बसवून पाहिले. निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या उलट निघाला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर; मागची लय जलद असली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट वरखाली होते. पण पुढच्या कमानी मऊ करताच शिमी आणि ब्रेकची ओढ दोन्ही उफाळून आली. आरामाचे गणित आणि सलग ॲक्सल यांचे एकत्र नांदणे संपले ते इथे.

पर्याय दोन होते. विमानदलात गाजलेला आणि शर्यतीत गाड्या पळवणारा फ्रेंच आंद्रे द्युबोने याची रचना. तीत स्प्रिंग आणि तेल एका बंद डब्यात आणि तो सगळा डबाच चाकाबरोबर वळतो. दुसरी रचना वर एक आणि खाली एक असे दोन आडवे आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. जर्मनीत मर्सिडीज-बेंझने १९३३च्या ३८० मॉडेलला हीच दिली होती. जनरल मोटर्सने १९३४च्या मॉडेलांत दोन्ही वापरल्या: कॅडिलॅक, ब्यूइक आणि ओल्ड्समोबिलला आर्म, तर शेव्हरोले आणि पाँटिॲकला द्युबोनेचे डबे. डब्यांतून तेल गळू लागले. १९३९च्या मॉडेलपर्यंत शेव्हरोलेही आर्मकडे वळली.

या रचनेतली खरी कला लांबीत आहे. दोन्ही आर्म सारखे ठेवले तर चाक वर जाताना टायर रस्त्यावर आडवा घसटतो. वरचा आर्म आखूड, खालचा लांब केला की चाकाचे वरचे टोक थोडे आत येते, खालचे जवळजवळ जागेवर राहते, आणि वळणात बाहेरचे चाक उभे राहते. मात्र सलग टाय रॉड आता चालत नाही. एक चाक वर गेले की तो दोघांनाही वळवील. म्हणून त्याचे तीन तुकडे झाले. मधला तुकडा चासीबरोबर, आणि बाहेरचे दोन तुकडे आर्मच्या बिजागऱ्यांच्या रेषेत सांधलेले, म्हणजे चाक आणि दांडा एकाच मध्याभोवती कंस काढतील. मागचा तो फाकणाऱ्या कंसांचा प्रश्न इथे मुळातूनच सुटला, कारण या वेळी स्प्रिंग आणि स्टिअरिंग एकाच कागदावर आखले गेले.

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या पुढे हेच दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग होते. ॲम्बॅसेडरने कॉइलऐवजी पीळ खाणारा टॉर्शन बार आणि सरळ दात्यांचे रॅक-पिनियन स्टिअरिंग वापरले. सलग ॲक्सल मात्र अजून निवृत्त झालेला नाही. जिथे आरामापेक्षा वजन मोठे, तिथे त्याचे गुण आजही खरे आहेत. उभ्या मालट्रकच्या पुढे वाकून पाहा: घडीव पोलादी दांडा, टोकांना किंगपिन, मागे टाय रॉड, आणि टाय रॉडला जोडणारे किंचित आत वळलेले दोन हात.